सतरा मिलिमीटर

रिपोर्ट कुणी वाचायचा, यावरून पहिलं भांडण झालं.

जतीनचं म्हणणं, घरातल्या मुलानं वाचावा. रुपलचं म्हणणं, थोरली ती आहे, आणि लग्न होऊन उंबरगावला गेली म्हणून जन्माची तारीख बदलत नाही. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि तो दोघांनाही वाचता येणार नव्हता, हे भाविनीला माहीत होतं. वाणगावच्या मेडिकल स्टोअरमध्ये चौदा वर्षं काम करून तिला डॉक्टरांचं अक्षरसुद्धा लागायला लागलं होतं, हा तर छापील कागद होता. नवरा आणि नणंद थांबतील म्हणून तिनं थोडी वाट पाहिली. थांबेनात, तेव्हा तिनं पाकीट उचललं.

"उजवं फुप्फुस, वरचा भाग. गाठ आहे. सतरा मिलिमीटर."

"म्हणजे केवढी?" सासूबाईंनी, मालूनं, विचारलं. त्या दाराशी बसून करंदी सोलत होत्या आणि त्यांनी मान वर केली नव्हती.

"लहान बोराएवढी."

"एवढीच?" रुपल म्हणाली. "मला वाटलं काय असेल."

"भाविनीनं बोराएवढी म्हटलं तर तुला कमी वाटतं," जतीन म्हणाला, "आणि फोनवर रडत होतीस ते?"

तीन आठवड्यांपूर्वी जतीन-रुपलचा बाप भिकू धक्क्यावर बोटीतून उतरताना घसरला होता. एकाहत्तराव्या वर्षी बोटीवर जायचं काही कारण नव्हतं. बोट आता जतीनची होती. पण तांडेल म्हणून, बोटीचा म्होरक्या म्हणून, ज्याचं आयुष्य गेलं त्याला जाळं नीट भरलंय की नाही ते बघायला जावंच लागतं. बरगडी मोडली असेल म्हणून डहाणूत छातीचा फोटो काढला. बरगडी शाबूत निघाली. फोटोत दुसरंच काहीतरी दिसलं. मग वापीच्या छातीच्या डॉक्टरांकडे सीटी स्कॅन झाला आणि त्याचा हा कागद.

भिकूला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून त्याला दुकानातून चहापत्ती आणायला पाठवलं होतं. घरात चहापत्ती भरपूर होती. डॉक्टरांनी सगळं त्यांच्याच तोंडावर सांगितलंय, मी शेजारीच बसले होते, असं भाविनीनं दोनदा सांगून पाहिलं. पण ठरलेलं ते ठरलेलं.

"कॅन्सर आहे का नाही, एवढं सांग," जतीन म्हणाला.

"ते नुसतं बघून सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, वय सत्तरच्या वर, चाळीस वर्षं विडी, गाठ वरच्या भागात आणि तिच्या कडा गुळगुळीत नाहीत, काटेरी आहेत. ह्या चार गोष्टी चांगल्या नाहीत. पण आपल्याकडे टीबीचा जुना व्रणपण कधीकधी असाच दिसतो. डाव्या बाजूला एक बारीक ठिपका आहे, त्यात चुना भरलाय. त्याची भीती नाही, तो जुना आहे. उजवीकडचापण तसलाच जुना असेल तर सुटलो. म्हणून त्यांना बाबांचा एखादा जुना फोटो पाहिजे. गाठ आधीपासून असेल आणि वाढली नसेल, तर तो व्रण. तेव्हा नसेल, तर सुई घालून तुकडा काढायचा आणि तपासायचा."

"सुई नाय घालायची," रुपल म्हणाली. "सुई लागली की पसरतं. माझ्या चुलतसासऱ्यांना घातली, दोन महिन्यांत गेले."

"ते ऐंशीचे होते, आणि त्यांचं आधीच पसरलेलं होतं."

"सुईनंतर गेले ना? मग."

जतीन या बाबतीत बहिणीच्या बाजूला गेला, पण वेगळ्या कारणानं. मे महिना होता. पावसाळी बंदी लागायला अठरा दिवस उरले होते आणि या अठरा दिवसांत जे मिळेल तेवढंच. "जूनपासून मी मोकळाच आहे," तो म्हणाला. "एक महिन्यात काय होतंय? तेव्हा आरामात बघू."

भाविनीनं नवऱ्याकडे पाहिलं. सकाळी तोच म्हणाला होता की उद्याच्या उद्या मुंबईला नेऊ.

तेवढ्यात भिकू चहापत्तीचा पुडा घेऊन आला. त्यानं चप्पल काढली, पुडा सुनेच्या हातात दिला, भिंतीला टेकून बसला आणि विचारलं, "ठरलं का?"

रुपलनं पाकीट पाठीमागं लपवलं.

"चार वाईट, एक बरी," तो म्हणाला. "मला बाईनं सगळं सांगितलं. नीट बोलते."

"बाबा," भाविनीनं धीर केला, "डॉक्टरांनी विचारलं होतं, टीबी झाला होता का. तुम्ही नाही म्हणालात. खरंच कधीच नाही?"

"नाय."

दवाखान्यातही हे 'नाय' प्रश्न संपायच्या आत आलं होतं. भाविनीच्या ते तेव्हाच लक्षात राहिलं होतं. मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर असं घाईचं 'नाय' तिनं बरंच ऐकलं होतं.

"आमच्या घरात टीबी?" रुपल म्हणाली. "काय विचारतेस तू भाविनी! असल्या गोष्टी आमच्याकडे कधी झाल्या नाहीत."

मालूनं शेवटची करंदी सोलली. टोपलं बाजूला सरकवलं आणि पदराला हात पुसले.

"तलासरीला विचारा," ती म्हणाली.

"तलासरीला कुणाला?"

"तुमच्या बापाला तिकडं बाई होती. रुपलचं लग्न ठरलं त्या वर्षी सात महिने तिच्याकडे होता. टीबी झाला असेल तर तिला माहीत असेल."

बाजारात पापलेटचा भाव सांगावा तसं तिनं हे सांगितलं.

* * *

मालूला हे सत्तावीस वर्षं माहीत होतं.

भिकू त्या वर्षी वेरावळला एका मोठ्या ट्रॉलरवर तांडेल म्हणून गेला, असं घरात, गल्लीत आणि होणाऱ्या व्याह्यांना सांगितलेलं होतं. बोट त्याच्या धाकट्या भावानं चालवली. दोन महिने झाले असतील, सुकी मासळी विकायला तलासरीच्या आठवडा बाजारात जाणारी एक बाई मालूला म्हणाली, तुझा नवरा दिसला गं, एका आदिवासी बाईबरोबर, तिच्या डोक्यावर पाटी आणि हा मागनं चाललेला. मालू म्हणाली, दुसरा कुणी असेल. ती बाई म्हणाली, असेल. पुढं आणखी एकीनं पाहिलं. तिला नावही कळलं होतं. जमना.

लग्नाच्या चार दिवस आधी तो परत आला तेव्हा अंगानं बरा दिसत होता. हे मालूला सगळ्यात जास्त लागलं होतं. वेरावळहून येणारी माणसं वाळून येतात.

आता तिनं ते बोलून टाकलं होतं आणि घरात सगळे भिकूकडे बघत होते. जतीन तर असा बघत होता की जणू बापाला पहिल्यांदाच बघतोय, आणि थोडं कौतुकानंही, जे भाविनीला अजिबात आवडलं नाही.

भिकूनं विडीसाठी खिसा चाचपला. विडी सुटून तीन आठवडे झाले होते.

"बाई नव्हती," तो म्हणाला. "टीबी होता."

"जमना कोण मग?" मालूनं विचारलं.

"लाहूची बायको."

"कुठला लाहू?"

"आपल्या बोटीवर खलाशी होता तो. उंच, जाळं ओढताना गायचा. तू त्याला शिव्या द्यायचीस, आवाज वाईट म्हणून."

मालूला लाहू आठवला.

"थुंकीतनं रक्त पडायला लागलं," भिकू सांगायला लागला. तो सांगताना कुणाकडेच बघत नव्हता. "लाहूनं बघितलं. बोटीवर लपत नाय. तो म्हणाला, तांडेल, आमच्याकडे चल, तिकडं दवाखान्यात गोळ्या मिळतात, तुला कोण ओळखतंय. रुपलचं ठरलेलं. त्यांना कळलं असतं तर मोडलं असतं. तेव्हा टीबी म्हणजे... घरात पाणी पीत नव्हते लोक. म्हणून वेरावळ सांगितलं."

सगळ्यांनी रुपलकडे पाहिलं. रुपलनं तिच्या लग्नाच्या सत्तावीस वर्षांचा मनातल्या मनात आढावा घेतला असावा. तिच्या चेहऱ्यावर बरंच काही येऊन गेलं.

"मोडू द्यायचं होतं," ती म्हणाली.

ती थट्टा करतेय की खरं बोलतेय हे कळेना, म्हणून कुणी हसलं नाही. मग ती एकदम रडायला लागली, आणि जतीननं उठून तिला पाणी दिलं. सकाळपासून पहिल्यांदाच दोघं भावंडं एकमेकांच्या जवळ बसली.

"मला तरी सांगायचं होतं," मालू म्हणाली.

"तुझ्या पोटात राहिलं नसतं."

मालूनं टोपलं उचललं. मोरीपर्यंत गेली आणि वळली.

"सत्तावीस वर्षं राहिलं," ती म्हणाली.

* * *

तलासरीला तीच जाणार, हे मालूनं कुणाला विचारलं नाही, सांगितलं. जतीन गाडी चालवणार, भाविनीला फोटो ओळखता येतो म्हणून ती बरोबर. भिकूनं घरीच थांबायचं.

"मी आलो तर लाहू भेटेल," तो म्हणाला.

"लाहूला भेटायला नाय चाललेय मी," मालू म्हणाली.

तिनं चांगलं लुगडं नेसलं, जे ती लग्नाकार्याला काढायची, आणि सुक्या बोंबलांचा एक मोठा गठ्ठा बरोबर घेतला. गाडीत तिनं तो मांडीवर धरला. गंजाडवरून गाडी हायवेला लागली. जतीननं रेडिओ लावला आणि बायकोनं बघितल्यावर बंद केला.

लाहूचा पाडा अच्छाडच्या अंगाला, हायवेपासून आत होता. रस्त्यावरून ट्रकांचा आवाज तिथंही येत होता. सरकारी योजनेतलं विटांचं नवं घर पुढं, आणि मागं कारवीच्या कुडाचं जुनं, ज्यात आता फक्त चूल होती. लाहूचा मुलगा मनिष अच्छाडच्या एका ढाब्यावर कामाला होता, पण भिकूनं फोन केल्यामुळे सुट्टी घेऊन थांबला होता. लाहू खाटेवरून उठला. अजून उंच होता, पण गुडघ्यांतून वाकला होता.

"तांडेलीण आली," तो म्हणाला. "बस, बस. भिकूला काय झालं गं?"

मालूचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. घरातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. मालू सत्तावीस वर्षं मनातल्या मनात जिच्याशी भांडत होती ती जमना ठसठशीत होती, भरल्या अंगाची, केसांत फूल घालणारी. ही मालूच्या खांद्यालाही लागली नसती. पांढरे केस, एका डोळ्यात मोतीबिंदू, हातावर चुलीचे जुने डाग.

"तू जमना?"

"हां. तू मालू." जमनानं तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "मला वाटलं जाडी असशील."

भाविनी आणि जतीन एकमेकांकडे बघू लागले. दोघी खाटेवर बसल्या, मध्ये बोंबलांचा गठ्ठा.

"सात महिने ठेवलास माझ्या नवऱ्याला," मालू म्हणाली.

"ठेवला म्हणजे काय, लाहूनं आणून टाकला. पहिले दोन महिने बाहेर पडवीत झोपायचा. गोळ्या माझ्या समोर गिळायच्या, दवाखान्यातल्या बाईनं तसं सांगितलं होतं. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. एकदा त्यानं थुंकून टाकल्या, तर मी मुसळ घेतलं."

"मारलंस?"

"नाय. त्यानं गिळल्या."

मालूनं मान डोलावली. तिनंही मुसळच घेतलं असतं.

"आणि बाजारात त्याला मागनं चालवायचीस."

"चालायला पाहिजे असं डॉक्टर सांगे. पाटी मी घ्यायची, कारण त्याला दम लागे." जमना थांबली. मग तिच्या मनात बरीच वर्षं असलेलं तिनं काढलं. "आणि माझ्या हातचं रोज वाईट म्हणायचा. आमटी वाईट. भाकर जाड. मालू असं करते, मालू तसं करते. मालू बोंबील असा भरते. बाय, मला तुझा इतका राग होता ना. कोण ही मालू, म्हटलं, एकदा दिसू दे."

मालूनं गठ्ठा तिच्याकडे सरकवला. "घे," ती म्हणाली. "माझ्या हातचे सुकवलेत. बघ वाईट आहेत का."

फोटोचं कुणालाच आठवेना. लाहूला वाटलं, फेकला असेल. मनिष लहान होता तेव्हा. मग मनिषची बायको शितल म्हणाली, "चुलीमागं आहे तो नाय ना?"

जुन्या घराच्या कुडाला चुलीमागं एक भोक पडलं होतं, वारा येऊन जाळ विझायचा. कधीतरी जमनानंच तिथं हाताला लागलं ते लावून कडा शेणामातीनं लिंपल्या होत्या. मनिषनं सुरीनं माती खरवडली. आतून काळा, धुरकटलेला फोटो निघाला. शितल साबण आणायला निघाली तसं भाविनीनं तिला थांबवलं आणि ओल्या फडक्यानं हळूहळू पुसलं. कोपऱ्यात पांढरी अक्षरं आली. भिकू, वय ४४.

तिनं तो दारातल्या उजेडात धरला. बरगड्या दिसल्या, मध्ये हृदयाची सावली. मालू जवळ येऊन बघत राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं.

"ठिपका आहे का?" जतीननं विचारलं.

"डावीकडे काहीतरी आहे," भाविनी म्हणाली. "मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना दाखवू."

"आहे ना पण?" जतीन म्हणाला. "आहे म्हणजे जुना. म्हणजे सुटलो."

* * *

वापीच्या दवाखान्यात या वेळी पाच जण गेले. रुपल उंबरगावहून परस्पर आली. तीन खुर्च्या होत्या. मालू, भिकू आणि रुपल बसले, जतीन आणि भाविनी उभे राहिले.

जतीनला दोन दिवस चांगली झोप लागली होती. तलासरीचा दिवस सोडला तर त्यानं बोट चुकवली नव्हती आणि फोटोही सापडला होता. एकंदरीत देवाची कृपा आहे असं त्याचं मत झालं होतं.

डॉक्टर निलमबेननी धुरकट फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. बराच वेळ बघितला. मग शेजारी संगणकावर नवा स्कॅन उघडला.

"हा कुठे मिळाला?"

"चुलीमागं," मालू म्हणाली.

डॉक्टरांनी पुढं विचारलं नाही. "काका, तुम्हाला टीबी झाला होता."

"हां."

"मागच्या वेळी नाही म्हणालात."

"मागच्या वेळी ही मंडळी नव्हती सगळी," भिकू म्हणाला. याला अर्थ नव्हता, पण डॉक्टरांनी मान डोलावली.

"जुओ, हे बघा. डावीकडे वर हा मोठा डाग. हा तेव्हाचा टीबी. औषधानं बरा झाला, आकसला, त्यात चुना भरला. नव्या स्कॅनमध्ये तोच बारीक ठिपका दिसतोय. त्याची काळजी नाही." त्यांचं पेन उजवीकडे सरकलं. "आपली गाठ इथं आहे. जुन्या फोटोत इथं काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे चांगलंच ना?" जतीन म्हणाला.

"तेव्हा चांगलं होतं."

जतीनला समजायला थोडा वेळ लागला. तोपर्यंत भाविनीनं त्याचा दंड धरला होता.

"म्हणजे हा टीबीचा व्रण नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी बारीक गाठ साध्या फोटोत लपते, पण एवढी असती तर दिसली असती. ही नंतर आलेली आहे. टीबी परत आला असंही होऊ शकतं, बुरशी असू शकते, आणि कॅन्सरही असू शकतो. काकांचं वय, विडी आणि कडा बघता मी कॅन्सर आधी धरते. नक्की सुईच सांगेल."

"सुईनं पसरलं तर?" रुपलनं विचारलं.

"सुईनं पसरणं फार फार क्वचित. मला भीती असते ती फुप्फुसातून हवा निसटण्याची. ते काही लोकांना होतं, म्हणून एक दिवस इथं ठेवू. पण न बघता सोडलं आणि तो कॅन्सर असला, तर तो सुईची वाट बघत नाही. आपला आपण पसरतो."

"आणि महिनाभर थांबलो तर?" जतीननं विचारलं, पण आवाजात दम नव्हता.

"गाठ बारीक असली की आम्हीच सांगतो, तीन महिने थांबा, परत बघू, वाढते का. ही बारीक नाही."

सगळे एकदम बोलायला लागले. रुपल म्हणत होती, मुंबईला दुसऱ्या कुणाला विचारू. भाविनी म्हणत होती, विचारायला हरकत नाही पण सुई चुकत नाही. जतीन मध्येच बंदीच्या तारखा सांगत होता, आणि आपण त्या का सांगतोय ते त्यालाही कळत नव्हतं. 

"कधी घालता?" भिकूनं डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी कॅलेंडर बघितलं.

"गुरुवारी."

"उपाशीपोटी?"

"हो. सकाळपासून काही खायचं नाही."

"हिला सांगा," भिकू म्हणाला आणि मालूकडे बोट केलं. "मी सांगितलं तर ऐकत नाय. न्याहारी घेऊन पाठी लागते."

"गुरुवारी न्याहारी नाही, मासी," डॉक्टर म्हणाल्या.

"बरं," मालू म्हणाली.

बाहेर आल्यावर जतीन फोन घेऊन कोपऱ्यात गेला. भाविनीला वाटलं, बर्फाचं काहीतरी असेल. ती जवळ गेली तेव्हा तो खलाशाला सांगत होता, "काकड्या, गुरुवारपासून बोट तू ने. नाय, मी येत नाय. किती दिवस ते माहीत नाय."

* * *

तो कॅन्सरच होता.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला आणि या वेळी कुणी भांडलं नाही. भाविनीनं वाचला, भिकूसमोर, मोठ्यानं. वाचताना तिचा आवाज एका शब्दावर अडला, तर भिकू म्हणाला, "वाच, वाच. माझंच आहे." मुंबईच्या इस्पितळात अंगभर तपासणी झाली. दुसरीकडे कुठं पसरलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढावा लागेल, तीन भागांपैकी एक. भिकूनं विचारलं, उरलेले दोन चालतात ना. चालतात म्हणाले. मग काढा म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी खाटेजवळ मालू एकटीच होती. जतीन फॉर्म भरत होता, रुपल देवळात गेली होती. ज्या रुपलनं सुईला सगळ्यात जास्त विरोध केला तिनंच मुंबईतल्या भाच्याकडे सगळ्यांच्या राहण्याची सोय केली होती.

"तुला खरंच वाटलं बाई आहे?" भिकूनं विचारलं.

"हां."

"मग सोडलं का नाय मला?"

"रुपलचं लग्न होतं."

"आणि नंतर?"

"नंतर जतीनचं होतं."

भिकू वरच्या पंख्याकडे बघत राहिला. "आणि त्यानंतर?"

मालूनं त्याच्या पायावरची चादर सारखी केली. सत्तावीस वर्षांत तिनं एकदाही त्याला उपाशी ठेवला नव्हता, एकदाही त्याच्याशी धड बोलली नव्हती, आणि घरातल्या सगळ्यांनी, भिकूनंही, तो तिचा स्वभाव आहे असं धरलं होतं.

"त्यानंतर म्हटलं, आता कशाला," ती म्हणाली. मग चादरीची दुसरी बाजू ओढत, "ती बुटकी आहे."

"कोण?"

"जमना. तू सांगितलं नाहीस ती एवढी बुटकी आहे."

भिकू हसायला लागला आणि हसता हसता खोकला. मालूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, खोकला थांबला, आणि तरी तिनं तो काढला नाही.

ऑपरेशन नीट झालं. आजूबाजूच्या ग्रंथींत काही सापडलं नाही. औषध नको, दर सहा महिन्यांनी स्कॅन, विडीचं नाव काढायचं नाही, आणि रोज चालायचं. तीन आठवड्यांनी भिकू डहाणूला घरी आला तेव्हा लाहू आणि जमना बसनं येऊन त्याला बघून गेले. जमनानं जाताना मालूच्या हातचं जेवून घेतलं आणि म्हणाली, आमटीत मीठ जास्त आहे.

* * *

नारळी पुनवेनंतर बोटी पुन्हा पाण्यात गेल्या. मालू पुन्हा बाजारात मासळी घेऊन बसायला लागली. पहिले काही दिवस रुपल तिच्या मदतीला राहिली होती.

रुपलनं गल्लीत आणि बाजारात आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला ते सोयीचं वाटलं. तिची मुलगी यंदा पंचविशीची झाली होती आणि दोन स्थळं येऊन गेली होती. लोक काय विचारतात, घरात काही आहे का म्हणून. उगाच कशाला.

दक्षा समोरच्या ओट्यावर बसायची. मालूच्याच वयाची, जिभेनं तिखट. त्या सकाळी गिऱ्हाईक पातळ झाल्यावर तिनं ओट्यावरूनच विचारलं, "मालू, भिकूदादा चालतो का आता? गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," रुपल घाईघाईनं म्हणाली. "आता काठीसुद्धा लागत नाही."

मालू कोयता धूत होती. तिनं तो फडक्यावर ठेवला.

"गुडघ्याला काय झालंय त्याच्या?" ती म्हणाली. "कॅन्सर होता. छातीत. सतरा मिलिमीटर. काढला."

आजूबाजूचे चार ओटे गप्प झाले. एका बाईच्या हातात वजनाचं माप होतं, ते तसंच राहिलं. रुपलनं डोळे मिटले. तिला डोळ्यांसमोर दोन्ही स्थळं लांब लांब जाताना दिसली.

"आई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "माझ्या पोरीचं..."

"तुझ्या वेळी लपवलं. काय मिळालं?" मालू म्हणाली. "मला सांग, काय मिळालं तुला?"

रुपलनं नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. मग तिनं टोपलीतली पापलेटं पुन्हा एकदा लहानमोठी लावायला घेतली. त्याची काही गरज नव्हती.

बाजार हळूहळू बोलायला लागला. गिऱ्हाइकं आली, गेली. बाराच्या सुमाराला दक्षा आपला ओटा सोडून आली. मालूच्या बाजूला उकिडवी बसली, इकडं तिकडं बघितलं आणि पदर तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटली. रुपलला फक्त 'आमचे हे' आणि 'खोकला' एवढंच ऐकू आलं.

"ऐकू येत नाय," मालू म्हणाली. "मोठ्यानं बोल."